फोनमधलं झाड आणि माळ्यावरची खोकी



गेल्या वर्षी दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरची रिकामी पुठ्ठ्याची खोकी मोजली. तेवीस निघाली. ‘कधीतरी लागतील’ म्हणून ह्यांनी जपून ठेवलेली. त्यातलं एकही बाजारात जाऊन आणलेल्या वस्तूचं नव्हतं, सगळी फोनवरून मागवून दारात आलेली. एका खोक्यातून तर कुकरची नुसती रबरी रिंग आली होती, आणि खोकं एवढं की आत अख्खा कुकर मावला असता! मग सहज म्हणून आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मागे जाऊन पाहिलं. ‘प्लास्टिक टाळा’, ‘वसुंधरा वाचवा’ असे मी पुढे पाठवलेले निरोप सतरा होते. म्हणजे एकाच फोनवरून, एकाच अंगठ्यानं मी सतरा वेळा पृथ्वी वाचवली आणि तेवीस वेळा खोकं मागवलं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. ह्या इंटरनेटमुळे आपण झाडापाण्याशी, जीवमात्राशी जरा जपून वागायला शिकतो, की होतो त्याहून बिघडतो? भाऊबीजेला धाकट्या बहिणीची मुलगी आली होती. ती २०१७ पासून २०२० च्या जानेवारीपर्यंत नोकरीसाठी शांघायला होती. (आपली पोरगी तिथं काय जेवली, कांदा-लसूण नको म्हणून कुणाकुणाला कसं समजावलं, तो एक वेगळाच लेख होईल.) ती म्हणाली, “मावशी, हे तू चीनकडे बघून समजून घे. तुझा प्रश्न तिथं पंधरा वर्षांत घडून गेलाय.” तिच्याकडून ऐकलं, मग दुपारी जेवणं उरकली की स्वतः बसून वाचलं. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे-राण्या आठवतात. हा इतिहास फार ताजा आहे, पण इतिहासच आहे.

गोष्ट सुरू होते बीजिंगमधल्या एका गच्चीवर. २००८ साली तिथल्या अमेरिकन दूतावासानं आपल्या इमारतीच्या गच्चीवर हवा मोजणारं यंत्र बसवलं आणि दर तासाचा आकडा ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. हे यंत्र पीएम २.५ मोजायचं. म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याइतके बारीक कण, जे नाकाघशात न अडकता थेट फुप्फुसात उतरतात. चीनचं सरकार तेव्हा लोकांना पीएम १० चे आकडे सांगायचं. त्यात जाड-बारीक सगळं एकत्र तोललं जातं. धान्य आणि खडे एकाच तराजूत घालून पोत्याचं वजन सांगावं, तसलाच तो प्रकार. खडे किती, ते कुणी बोलत नव्हतं.

२०१० च्या नोव्हेंबरात एका दिवशी दूतावासाचा आकडा ५०० च्या वर गेला, म्हणजे मोजपट्टीच्याच बाहेर. अशा वेळी काय लिहायचं म्हणून संगणकात कुणीतरी गमतीनं ‘वेड्यासारखी वाईट’ अशा अर्थाचे शब्द घालून ठेवले होते. ते तसेच जगभर गेले! नंतर ते काढून टाकले, पण व्हायचं ते होऊन गेलं. ट्विटर चीनमध्ये २००९ पासून बंद होतं. तरी आकडे फिरतच राहिले, कारण लोक ते तिथल्या वेइबोवर उतरवून घ्यायचे. २०११ च्या नोव्हेंबरात पान शियी नावाच्या मोठ्या बांधकाम व्यावसायिकानं, ज्याचे वेइबोवर सत्तर लाखांवर वाचक होते, सरळ मतच मागितलं, की सरकारनं पीएम २.५ मोजून जाहीर करावं का? हजारो लोकांनी मत दिलं आणि त्यातल्या बहुतेकांनी ‘हो’ म्हटलं. २०१२ च्या जानेवारीत बीजिंग शहरानं ते आकडे द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी जूनमध्ये एका उपमंत्र्यानं परदेशी दूतावासांनी हवेचे आकडे देणं थांबवावं असंही जाहीरपणे सांगितलं. दूतावासानं थांबवलं नाही.

१२ जानेवारी २०१३ ला तो आकडा ७५५ वर गेला. भरदुपारी समोरची इमारत दिसेना. मास्क आणि हवा गाळायची यंत्रं दुकानांतून भराभरा खपली. आया सकाळी उठल्या की आधी फोनवर आकडा बघायच्या आणि मग मुलांना बाहेर सोडायचं की नाही ते ठरवायच्या.

इथं मी वाचता वाचता थांबले. ह्या सगळ्यात निसर्गासाठी कुणी काय केलं होतं? काहीच नाही. लोकांनी स्वतःचं नाक वाचवलं. त्यात चूक नाही, मीही तेच केलं असतं. पण आकडा कळला म्हणून माणूस सुधारतो असं जे आपण धरून चालतो, तेवढं ते सोपं नाही.

पुढचं वळण एका आईनं दिलं. चाय जिंग ही चीनच्या सरकारी वाहिनीवरची नावाजलेली पत्रकार. तिची मुलगी जन्मतःच गाठ घेऊन आली आणि त्या तान्ह्या बाळाचं ऑपरेशन करावं लागलं. नोकरी सोडून ही बाई वर्षभर धुराच्या मागे लागली. स्वतःच्या खिशातले दहा लाख युआन घालून तिनं १०४ मिनिटांचा माहितीपट केला आणि २८ फेब्रुवारी २०१५ ला इंटरनेटवर टाकला. चित्रपटगृह नाही, टीव्ही नाही. ती एका मंचावर उभी राहून बोलते, मागे पडद्यावर तक्ते आणि चित्रं, एवढंच. २०१४ सालातले बीजिंगचे १७५ दिवस प्रदूषणाचे होते, त्या दिवसांत आपण लेकीला घरात कोंडून ठेवलं, असं ती सांगते. मग कोळसा, ट्रकचं डिझेल, पोलाद कारखाने, कायदे आहेत पण वापरत का नाहीत, एकेक उकलत जाते. काही दिवसांत तो दहा कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला.

मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. शेवटाकडे ती बघणाऱ्यांना काम सांगते. १२३६९ हा सरकारचा तक्रारीचा फोन नंबर होता, तो फारसा कुणी वापरत नव्हतं. ती म्हणते की हा लावा. बांधकामाची धूळ झाकलेली नाही, हॉटेलच्या धुराड्याला जाळी नाही, पेट्रोल पंपावर वाफ उडतेय, तर सांगा. आठवड्याभरात तो माहितीपट तिथल्या सगळ्या साइटवरून काढून टाकण्यात आला. आधी पर्यावरण मंत्र्यानं कौतुक केलं होतं, तरीसुद्धा.

नद्यांचं थोडक्यात सांगते, कारण पंचगंगेकाठच्या बायकांना त्यात नवीन काही नाही. मेलेल्या माशांचे फोटो आपल्याही ग्रुपवर दर वर्षी येतात. २०१३ च्या चिनी नववर्षाला लोक गावी जातात तेव्हा डंग फेई नावाच्या पत्रकारानं वेइबोवर सांगितलं, आपल्या गावच्या नदीचा फोटो टाका. फोटोंचा पूर आला. झज्यांग प्रांतातल्या रुइआन गावच्या एका व्यापाऱ्यानं तर पर्यावरण खात्याच्या साहेबाला दोन लाख युआन देऊ केले, अट एकच, आमच्या नदीत वीस मिनिटं पोहून दाखवा. साहेब काही उतरले नाहीत! वर्षअखेरीला त्या प्रांतानं पाणी स्वच्छ करायची मोठी मोहीम काढली. आणि मा जुन ह्या माणसाच्या संस्थेनं २००६ पासून प्रदूषणाचे नकाशे केले होतेच. २०१४ पासून सरकारनं सुमारे १५,००० कारखान्यांना आपल्या धुराचे आणि सांडपाण्याचे आकडे त्या त्या वेळी जाहीर करायला लावले, तेव्हा त्यानं ते सगळे एका ॲपवर आणले. आपल्या घरामागचं धुराडं आत्ता काय सोडतंय ते फोनवर दिसू लागलं आणि लोक ते चित्र थेट खात्याच्या पानावर चिकटवू लागले.

बीजिंगच्या हवेतलं पीएम २.५ चं वर्षाचं सरासरी प्रमाण २०१३ मध्ये ८९.५ मायक्रोग्रॅम होतं, २०२१ मध्ये ३३ झालं. हे इंटरनेटनं केलं असं मी म्हणणार नाही. कोळशाच्या भट्ट्या बंद झाल्या, कारखाने हलवले, कायद्याचा बडगा आला. पण आकडा लपवता येईनासा झाला नसता तर हे कधी झालं असतं, कुणास ठाऊक.

आता घरातल्या गोष्टीकडे येते. म्हणजे भाचीच्या फोनमधल्या झाडाकडे.

तिथं पैसे देण्यासाठी पुष्कळ लोक अलीपे वापरतात, आपल्या फोनवरच्या पैशांसारखंच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्यात एक खेळ आला, त्याचं इंग्रजी नाव ‘अँट फॉरेस्ट’, म्हणजे मुंगीचं जंगल. रिक्षा-टॅक्सीऐवजी चाललात, मेट्रोनं गेलात, विजेचं बिल कागदाऐवजी फोनवर भरलंत, की वाचलेल्या धुराच्या हिशोबानं तुमच्या खात्यात काही ग्रॅम ‘हिरवी ऊर्जा’ हिरव्या बुडबुड्यांच्या रूपात जमा होते. असे १७.९ किलो जमले, की इनर मंगोलियाच्या वाळवंटात तुमच्या नावचं साक्सौलचं एक खरं झाड लावतात. साक्सौल हे रेताड जमिनीत तग धरणारं झुडुपासारखं झाड, वाळू धरून ठेवतं. तुम्हाला झाडाच्या नंबरासकट प्रमाणपत्र मिळतं.

आणि गंमत बघा, बुडबुडा पिकल्यावर तुम्ही वेळेत टिपला नाही, तर मैत्रीण त्यातला वाटा चोरू शकते! भाचीच्या खोलीतली मुलगी पहाटे उठून हिची ऊर्जा चोरायची, पुन्हा झोपायची. मग हिनंही गजर लावला. कामाला चालत जायची सवय तिला लागली ती अशी, चोरीच्या भीतीनं. पावणेतीन वर्षांत तीन झाडं झाली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ह्या खेळाला पर्यावरणाचा सर्वोच्च पुरस्कार दिला, तेव्हा त्यात पन्नास कोटी माणसं होती आणि १२ कोटी २० लाख झाडं लावून झाली होती. एवढ्या कोरड्या जमिनीत एवढी झाडं लावली तर जमिनीखालचं पाणी पुरेल का, असं विचारणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला वावगं वाटत नाही.

मला खटकलं ते दुसरंच. अलीपे ही अलिबाबाच्या घराण्यातली. आणि अलिबाबाच दर वर्षी ११ नोव्हेंबरला खरेदीचा महाउत्सव भरवते. ज्या २०१९ मध्ये पुरस्कार मिळाला, त्याच २०१९ च्या ११ नोव्हेंबरला चोवीस तासांत २६८.४ अब्ज युआनची विक्री झाली आणि १२९ कोटी पार्सलांच्या ऑर्डरी निघाल्या. भाची म्हणाली, “मावशी, त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात चालायला जागा नसायची.” झाड लावणारा अंगठा तोच, खोकं मागवणारा अंगठाही तोच. माझ्या सतरा आणि तेवीसची आठवण झाली. फक्त माझा हिशोब माळ्यावर मावला.

मग मी तिला म्हटलं, म्हणजे सगळं ढोंगच की. तेव्हा तिनं काटे-चमच्यांची गोष्ट सांगितली, आणि हा लेख लिहावासा वाटला तो त्या गोष्टीमुळे.

घरपोच जेवणाबरोबर तिथं लाकडी काड्या, प्लास्टिकचा चमचा, कागदी रुमाल असा संच न मागता यायचा. ‘नको’ असं सांगायची सोय ॲपमध्ये २०१७ पासून होती, पण ती शोधून दाबतो कोण? १ जुलै २०१९ पासून शांघायमध्ये नियम झाला, मागितल्याशिवाय हा संच द्यायचा नाही. अलिबाबाच्याच जेवणाच्या ॲपनं मग उलटं केलं. काही न करता पुढे गेलात तर संच येणार नाही. हवा असेल तर तसं निवडा. आणि नको म्हणणाऱ्याला वर मुंगीच्या जंगलाची थोडी ऊर्जा. पुढच्या वर्षी बीजिंग आणि तियानजिनलाही तेच झालं. २०२३ मध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात ह्याचा अभ्यास छापून आला. संचाशिवायच्या ऑर्डरींचं प्रमाण ६४८ टक्क्यांनी वाढलं होतं. सगळ्या चीननं असं केलं, तर वर्षाला २१.७५ अब्ज संच वाचतील असा त्या अभ्यासकांचा हिशोब आहे. जेवण मागवणारे लोक तेच, त्यांना कुणी प्रवचन दिलं नव्हतं.

आपल्याला हे पंगतीत बसल्यावर कळतं. वाढणारी ताटात बुंदी टाकून मोकळी होते, तेव्हा कोण नको म्हणतं? तीच बुंदी ‘हवी असेल त्यांनी मागा’ म्हणून एका बाजूला ठेवली, तर निम्मे लोक मागत नाहीत, आणि घरी गेल्यावर त्यांना आठवतही नाही.

आपल्या व्रतांत ह्याला शब्द आहे. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती येते. गरजेपोटी जी हिंसा होते ती संसारात टळत नाही, पण ज्यात आपलं काहीच अडत नाही, अशी विनाकारण हिंसाही आपण करतो. उगाच पाणी सांडणं, उगाच माती उकरणं, उगाच झाडाची पानं ओरबाडणं, हे त्यातल्या प्रमादचर्येत येतं. न मागता आलेला, न उघडता कचऱ्यात गेलेला चमचा आणखी कशात मोडतो? लहानपणी हे व्रत मला सगळ्यांत सोपं वाटायचं, कारण ते मोडण्यासाठी काहीतरी करावं लागायचं. आता काही न करता मोडतं. वस्तू आपोआपच येते, आपण फक्त ‘नको’ म्हणायला विसरतो.

शांघायच्या त्याच १ जुलैला कचऱ्याचाही नियम आला. ओला, सुका, पुन्हा वापरता येणारा आणि घातक असा चार ठिकाणी टाकायचा, तोही सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळेत. चुकलात तर माणशी २०० युआनपर्यंत दंड. कुठली वस्तू कुठल्या डब्यात, ते फोनला विचारायची ॲपं निघाली. पण भाचीच्या म्हणण्याप्रमाणे सवय लावली ती डब्याशेजारी खुर्ची टाकून बसणाऱ्या म्हाताऱ्या मावश्यांनी. पिशवी उघडून दाखवायला लावायच्या. “तू कुठला कचरा?” असा त्यांचा प्रश्न तिथं थट्टेचा विषय झाला होता. “फोनला फसवता येतं गं,” ती म्हणाली, “त्या आजीला नाही.”

आता आपल्या मंडळाचं. दर वर्षी क्षमावणीला आपलं एकत्र जेवण असतं. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटवाट्या बंद झाल्या, तेव्हापासून आपण कागदी पत्रावळी आणतो. त्यालाही आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतोच. मी दर वर्षी ग्रुपवर विनंती करायची, ‘कृपया घरून ताट-वाटी आणावी’. पंचवीसेक अंगठे यायचे आणि ताटं यायची आठ-दहा. ह्या वर्षी भाचीच्या सांगण्यावरून निरोप उलटा लिहिला. ‘पत्रावळी ठेवणार नाही. ज्यांना हवी त्यांनी आदल्या दिवशी नाव कळवावं.’ ऐंशी जणींत नऊ नावं आली. कुणी तक्रार केली नाही. मी आपली खुशीत.

जेवणाच्या वेळी एक आजी दारात उभ्या. त्यांच्याकडे साधा फोन, ग्रुपवर त्या नाहीत, सुनेनं सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या हातात ताटं बघून त्या ओशाळल्या. मी माझं ताट पुढे केलं, तर घेईनात. “निरोप घरी येऊन सांगायचा असतो गं,” म्हणाल्या, आणि मला उत्तर देता आलं नाही. क्षमावणीच्या दिवशी पहिली क्षमा त्यांची मागावी लागली. शेवटी बसल्या. जेवता जेवता म्हणाल्या, “आमच्या गावी पंगतीला जाताना ताट-तांब्या काखोटीला मारूनच निघायचो. कुणी सांगायचं कशाला?”

पुढच्या वर्षी ग्रुपवर नसलेल्या सोळा जणींच्या घरी मी स्वतः जाणार आहे. यादी करून ठेवली आहे.

भाचीचा तिथला नंबर बंद झाला, त्यामुळे ते खातं उघडत नाही. तिची तीन झाडं आता कशी आहेत, तिला बघता येत नाही. आणि काल माळा काढला. ह्या वर्षी चौदा खोकी निघाली. रद्दीवाल्याला दिली, त्यातली दोन ह्यांनी परत बाजूला काढून ठेवलीत. कधीतरी लागतील म्हणून.